आयर्नचे शाफ्ट घरी बदलायचे असतील तर: आधी वजनकाटा, मग हीट गन

नाशकात रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की तो त्र्यंबक रोडवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाशी नेऊन सोडतो, आणि तिथे चाललेलं असतं क्रिकेट. गोल्फ खेळणारे शहरात आहेत, पण क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, दुरुस्त करून देणारं दुकान हाताशी असेलच असं नाही. मात्र सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या कृपेने व्हाइस, व्हर्निअर, वायर ब्रश, एमरी आणि एखादा जुना जाणता टर्नर ही मंडळी इथे जितकी सहज भेटतात तितकी फार कमी शहरांत भेटत असतील. आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचे) शाफ्ट, म्हणजे दांडे, बदलायला लागतं ते एवढंच.

काम अवघड नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा पक्का गोंद) लावायच्या खूप आधी. जुना सेट न मोजताच तापवायला घेतला, टिपचा, म्हणजे शाफ्टच्या खालच्या टोकाचा, व्यास न बघता शाफ्ट मागवले, होझेल (हेडची, म्हणजे क्लबच्या डोक्याची, शाफ्ट बसतो ती नळी) अर्धवट साफ केलं. शाफ्ट आणि हेडचा सगळा संबंध होझेलच्या आतल्या सुमारे सव्वा इंचात, म्हणजे ३०-३२ मिमीत असतो. तेवढी जागा नीट जमली तर बाकीचं सुधारता येतं.

हात लावू नये असे सेट

हेड आतून पोकळ असेल आणि त्यात फोम किंवा पॉलिमर भरलेलं असेल, तर घरच्या हीट गनने ते सोडवू नका. टेलरमेडचा पी-७९० हे त्यातलं ओळखीचं उदाहरण. आच आतपर्यंत गेली की भराव बिघडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मागच्या बाजूला प्लास्टिकचा बॅज चिकटवलेला असेल तर तापवणं शक्य आहे, पण हेडभोवती ओलं फडकं गुंडाळावं लागतं. खूप जुन्या फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) आयर्नमध्ये होझेलमधून आडवी पिन ठोकलेली असते. ती आधी ड्रिलने काढल्याशिवाय शाफ्ट हलणार नाही. कॅलवेच्या जुन्या बिग बर्था आयर्नमध्ये शाफ्ट थेट तळापर्यंत आरपार जातो, तिथे खालचं टोक घासून सोलशी (हेडच्या तळाशी) जुळवण्याचं वेगळं काम येतं. सुरुवातीला साधा, कॅव्हिटी-बॅक (हेडची मागची बाजू खोलगट), स्टील शाफ्टचा जुना सेट घ्यावा. नवा महागडा सेट शिकायला घेऊ नये हे सांगायला नको, पण लोक घेतात.

मोजमाप

प्रत्येक क्लबसाठी वहीत एक ओळ: लांबी, एकूण वजन, तोलबिंदू. हेड सुटल्यावर त्याच ओळीत हेडचं वजन आणि टिपचा व्यास लिहायचा.

लांबी मोजताना क्लब भिंतीला उभा करून टेप लावू नका. क्लब खेळताना ठेवतो तसा सपाट जागी ठेवा, टाचेकडून (होझेलच्या बाजूने) सोलला ६० अंशांत कापलेली फळी टेकवा आणि फळी जमिनीला टेकते तिथपासून ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंत शाफ्टच्या कडेने मोजा. नियमांतली पद्धत हीच. स्टील शाफ्टला साधारण ५ नंबर ३८ इंच, ७ नंबर ३७, ९ नंबर ३६ अशी अर्ध्या-अर्ध्या इंचाची उतरंड असते. तुमचा सेट यापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून तर मोजायचं.

स्विंगवेटचा, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड लागतं त्या मापाचा, काटा विकत घ्यायची गरज नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि पट्टीची धार पुरते. क्लब पट्टीच्या धारेवर आडवा तोलून धरा. ग्रिपच्या टोकापासून तोलबिंदू किती इंचांवर आला ते मोजा, त्यातून १४ वजा करा आणि उरलेल्या आकड्याला क्लबच्या ग्रॅममधल्या वजनाने गुणा. उत्तर ६०५० च्या आसपास आलं तर तो डी-०. पुढे दर ५० ला एक अंक. समजा ७ नंबरचं वजन ४३० ग्रॅम आणि तोलबिंदू २८.३ इंचांवर: १४.३ गुणिले ४३० म्हणजे ६१४९, म्हणजेच डी-२. तोलबिंदू एक मिलिमीटर चुकला तरी फरक अंकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पडतो, त्यामुळे दोनदा मोजलं की भागतं.

याच हिशोबातून कारागिरांचे ठोकताळे निघतात. हेडमध्ये २ ग्रॅम वाढवले की एक अंक वर. ग्रिप ५ ग्रॅमने जड केली की एक अंक खाली, कारण तिचं वजन १४ इंचांच्या अलीकडे पडतं. लांबी अर्धा इंच वाढवली की सुमारे तीन अंक वर. शाफ्टचा स्वतःचा तोलबिंदू १८-१९ इंचांच्या आसपास असतो, म्हणून त्याच्या वजनाचा परिणाम सौम्य: ३० ग्रॅम गुणिले साडेचार, म्हणजे १३५, जेमतेम तीन अंक. डायनॅमिक गोल्ड एस-३०० सारखा सुमारे १३० ग्रॅमचा शाफ्ट काढून निप्पॉन ९५०-जीएच सारखा शंभराच्या आतबाहेरचा बसवला, तर क्लब एकूण बराच हलका होतो आणि वर हेडसुद्धा हलकं लागू लागतं. लोक नव्या शाफ्टला नावं ठेवतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. डी-२ परत आणायचा तर टिपमध्ये ५-६ ग्रॅमचं पितळी वजन टाकायचं, किंवा ग्रिप हलकी घ्यायची. पण डी-१ आला की डी-२ यावरून झोप उडवून घेऊ नये. ५ नंबर डी-४ आणि ९ नंबर सी-९ (डी-० च्या एक अंक खाली) असा खेळखंडोबा झाला तर मात्र तो हाताला जाणवतो.

कोणते शाफ्ट मागवायचे

फ्लेक्सचा, म्हणजे शाफ्ट किती लवतो त्याचा, विचार सगळे करतात. टिपचा मात्र पार्सल घरी आल्यावर. आयर्नच्या शाफ्टची टोकं दोन प्रकारची: टेपर, टोकाशी ०.३५५ इंच म्हणजे ९.०२ मिमी आणि वर जाताना किंचित जाड होत जाणारी; आणि पॅरलल, सलग ०.३७० इंच म्हणजे ९.४ मिमी. खात्री फक्त व्हर्निअरने होते, म्हणून मागवण्याआधी एक हेड सोडवून मोजणं शहाणपणाचं. टोकाशी ९.० आणि इंचभर वर त्याहून जास्त आलं तर टेपर, दोन्हीकडे ९.४ आलं तर पॅरलल.

टेपरमध्ये प्रत्येक नंबरचा शाफ्ट वेगळ्या लांबीचा येतो आणि त्याची टिप कधीही कापायची नसते. कापायचं ते वरच्या, ग्रिपकडच्या टोकाला. पॅरललमध्ये सगळे शाफ्ट सारखे येतात आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे टिप कापून फ्लेक्स जुळवायचा असतो, बहुधा नंबरागणिक अर्धा इंच जास्त. तक्ता त्या मॉडेलचाच हवा.

टेपर होझेलमध्ये पॅरलल शाफ्ट जात नाही म्हणून तो घासून बारीक करायची कल्पना सुचते. ती सोडून द्या. टिपची भिंत पातळ होते आणि शाफ्ट होझेलच्या तोंडाशी तुटतो. पॅरलल होझेलमध्ये टेपर शाफ्ट पितळी शिम (पातळ पत्र्याची नळी) घालून बसवता येतो, पण पहिल्या सेटला या भानगडीत पडू नये. जुने, दुसऱ्या सेटमधून काढलेले शाफ्ट स्वस्त मिळतात. ते आधीच कापलेले असतात, म्हणून तुमच्या लांबीला पुरतात का ते आधी विचारा.

सामान

१८०० ते २००० वॅटची हीट गन, पक्का बसवलेला व्हाइस, ०.१ ग्रॅमचा छोटा काटा, व्हर्निअर, ९ मिमीचा गोल वायर ब्रश, ८० आणि १२० ग्रिटची एमरी पट्टी, हूक ब्लेड, मास्किंग टेप, दोन बाजूंनी चिकटणारी ग्रिप टेप, एसीटोन, मिनरल टर्पेंटाइन, टिपच्या मापाची फेरूलं, म्हणजे शाफ्ट आणि होझेलच्या सांध्यावरची प्लास्टिकची कडी (दोन जास्त घ्या, एक फुटतंच). शाफ्ट धरायला रबरी क्लॅम्प विकत मिळतो. नसेल तर सुताराकडून सागाच्या तुकड्याला १२ मिमीचं भोक पाडून तो भोकाच्या मधोमध चिरून घ्यावा आणि आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावावा. उघड्या व्हाइसमध्ये शाफ्ट आवळला की तो चेपतो.

इपॉक्सी हा एकमेव खर्च जिथे काटकसर नको. गोल्फ शाफ्टसाठीचं, धक्का सोसणारं, २४ तासांत पक्कं होणारं हवं. ३एमचं डीपी-४२० बरेच जण वापरतात. पाच मिनिटांत सेट होणारं इपॉक्सी ठिसूळ असतं. जमिनीवर दोन-चार फटके बसले की त्यात तडे जातात आणि हेड हातातून सुटून पुढच्या माणसाकडे जातं. सोबत शाफ्टिंग बीड्स, म्हणजे बारीक काचेचे मणी, मिळाले तर घ्या. शाफ्ट भोकाच्या मधोमध राहतो आणि इपॉक्सीचा थर चहूकडून सारखा मिळतो.

जुना शाफ्ट काढणं

ग्रिप ठेवायची नसेल तर हूक ब्लेडने लांबीत चिरून सोलायची, ब्लेड अंगापासून दूर ओढत. खालची टेप हीट गनने कोमट केली की सालपटासारखी निघते.

शाफ्ट व्हाइसमध्ये आडवा धरा, हेड बाहेर. फेरूल जरा गरम करून ब्लेडने कापून टाका. मग हीट गन होझेलपासून २-३ सेंमीवर धरून चहूबाजूंनी फिरवत राहा. एका जागी धरू नका, आणि झोत हेडच्या मागच्या बाजूकडे जाऊ देऊ नका. दर २०-३० सेकंदांनी जाड चामडी हातमोज्याने हेड पिळून बघा. दीड-दोन मिनिटांत कट्कन बारीकसा आवाज येतो आणि हेड फिरतं. तिथून पिळत पिळत सरळ ओढायचं. इपॉक्सी साधारण १५० अंशांच्या आसपास हार मानतं, त्यापुढची आच फुकट. होझेलवर पिवळसर छटा दिसू लागली म्हणजे मर्यादा ओलांडली. गॅसची टॉर्च याच कारणासाठी नवख्याने वापरू नये, क्रोम निळं पडतं. गरम हेड पाण्यात बुचकळू नका, आपोआप निवू द्या. जळक्या इपॉक्सीचा धूर घशाला लागतो, म्हणून काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी.

ग्रॅफाइट (कार्बन तंतूंचा) शाफ्ट वाचवायचा असेल तर पिळायचा नाही. पिळला की तंतू एकमेकांपासून सुटतात. त्याला सरळ रेषेत ओढणारा पुलर लागतो आणि आचही कमी. टाकूनच द्यायचा असेल तर कसंही काढा.

शाफ्ट आतच तुटून राहिला असेल तर त्याच्या पोकळीत जाड पत्र्याचा स्क्रू घट्ट पिळून बसवा, स्क्रूचं डोकं व्हाइसमध्ये आवळा, होझेल तापवा आणि हेड ओढा. बहुतेक तुकडे यानेच निघतात.

होझेलच्या तळातून किंवा जुन्या शाफ्टच्या टोकातून पितळेचा किंवा शिशाचा छोटा तुकडा पडला तर तो कचरा समजून फेकू नका. कारखान्याने त्या हेडचं वजन जुळवायला टाकलेला असतो. वजन करून त्याच नंबरच्या ओळीत लिहा.

होझेल आणि टिप

होझेल कोमट असतानाच वायर ब्रश ड्रिलला लावून कमी वेगाने फिरवा. जुनं इपॉक्सी राखाडी-तपकिरी भुगा होऊन पडतं. टॉर्चच्या उजेडात आत बघा: तळापर्यंत उघडा, चकचकीत धातू दिसायला हवा. तळाशी राहिलेली दोन मिलिमीटरची खपली नवा शाफ्ट तेवढाच वर बसवते आणि मग एकच क्लब लांब का झाला हे कोडं सुटत नाही. हेड पूर्ण निवल्यावर एसीटोनचा बोळा फिरवा. हीट गन गरम असताना एसीटोनची बाटली उघडायची नाही. व्हर्निअरच्या मागच्या काडीने खोली मोजून लिहा. ग्रॅफाइट बसवणार असाल तर होझेलच्या तोंडाची आतली कड तिरकी, गुळगुळीत हवी, नाहीतर ती धार प्रत्येक फटक्याला तंतू कापते.

आता सगळी हेड्स ओळीने तोला. शेजारशेजारच्या नंबरांत साधारण ७ ग्रॅमचा फरक दिसायला हवा. एखादं हेड ओळ सोडून हलकं निघालं तर तिथे टिप वजन जाईल. आठ ग्रॅमच्या वर वजन होझेलमध्ये कोंबू नका. त्याहून जास्त लागलं तर हेडच्या मागे शिशाची टेप लावा.

नव्या स्टील टिपवर क्रोमचा थर असतो आणि इपॉक्सी त्याला धरत नाही. हेड उडण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण. होझेलच्या खोलीएवढी खूण करून, तिच्या वर मास्किंग टेप गुंडाळून, ८० ग्रिटने चमक पूर्ण जाऊन मळकट राखाडी पोलाद दिसेपर्यंत घासा. बेंच ग्राइंडरच्या बेल्टवर मिनिटाचं काम, हाताने पाच-सात मिनिटांचं. आडव्या चरांची जाळी पडली तर उत्तम. फेरूलच्या वर मात्र क्रोम खरवडला जाऊ देऊ नका, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. ग्रॅफाइटला १२० ग्रिटने फक्त रंग काढायचा, तोही हाताने; भुगा काळा यायला लागला की थांबा. तोंडाला मास्क हवा.

कोरडी जुळणी

इपॉक्सीशिवाय फेरूल आणि हेड घालून बघा. टेपर शाफ्ट तळाला टेकून घट्ट बसतो, मधेच अडकला तर जोर न करता अडकलेली जागा थोडी आणखी घासा. लोगो वर की खाली ते ठरवा आणि सगळ्यांना सारखंच ठेवा. शेजारी शेजारी मांडले की एखादा शाफ्ट चुकीच्या नंबरात गेला असेल तर तो इथेच दिसतो. इपॉक्सी लागल्यावर दिसण्यात अर्थ नाही.

स्विंगवेटचाही अंदाज आत्ताच घ्या. शाफ्टवर अंतिम लांबीची खूण करा आणि वरचा जादा तुकडा हिशोबातून वगळा. ग्रिप अजून नाही, म्हणून तिचं वजन गुणिले १० एवढं उत्तरातून वजा करा (तिचा तोलबिंदू टोकापासून सुमारे ४ इंचांवर असतो). कमी पडलं तर टिप वजन घाला आणि पुन्हा तोला.

इपॉक्सी

आठ क्लबना १०-१२ मिली पुरेसं होतं. चार-चारच्या दोन खेपा करा. पाकिटावरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं हे वाचा. दोन्ही एकच नसतं. प्लास्टिकच्या झाकणात दोन मिनिटं, कडा खरवडत, रेघा नाहीशा होईपर्यंत ढवळा. शेवटी बीड्सची चिमूट.

बांबूच्या काडीने होझेलच्या भिंतींना पातळ लेप द्या, तळ भरून टाकू नका. तळातलं जादा इपॉक्सी पोकळ शाफ्टमध्ये वर चढतं, तिथेच वाळतं, आणि महिन्याभराने त्याचा गोळा सुटून क्लब खुळखुळ्यासारखा वाजायला लागतो. टिपलाही लेप द्या, फेरूलच्या आत थोडंसं. शाफ्ट दोन वेळा पूर्ण फिरवत आत सरकवा म्हणजे अडकलेली हवा निघते, मग शाफ्टचं वरचं टोक लाकडी पाटावर दोन-तीनदा आपटा, हेड स्वतःच्या वजनाने तळाला बसतं. लोगो तपासा, बाहेर आलेलं इपॉक्सी कोरड्या फडक्याने पुसा, आणि क्लब हेड खाली ठेवून शक्य तितका उभा टेकवा. वरचं टोक उघडंच ठेवा. ग्रिप किंवा बूच लावून बंद केलं तर दबलेली हवा शाफ्ट हळूच वर ढकलते.

नाशिकच्या हवेचा इथे संबंध येतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अशा रात्री गच्चीच्या खोलीत ठेवलेलं इपॉक्सी २४ तासांत पक्कं होत नाही. क्लब घरात आणा, किंवा मोठ्या खोक्यात सुरक्षित अंतरावर ६० वॅटचा जुना बल्ब लावून २५ अंशांच्या आसपास ऊब ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट: दुपारी ढवळता ढवळता झाकणातच घट्ट होतं, म्हणून सकाळी आणि थोडं थोडं. पावसाळ्यात घासलेल्या टिपवर रात्रीतून तांबूस गंज येतो. घासणं आणि चिकटवणं त्याच दिवशी करा.

झाकणात उरलेलं इपॉक्सी फेकू नका. २४ तासांनी त्यात नख रुतलं तर मिश्रण चुकलं आहे, आणि मग एकही फटका न मारता सगळे शाफ्ट पुन्हा सोडवायचे. जिवावर येतं, पण दुसरा उपाय नाही.

शेवटची कामं

फेरूल होझेलपेक्षा किंचित फुगीर असेल तर दोन्हीकडे मास्किंग टेप लावून ४०० ग्रिटच्या पट्टीने, बूट पॉलिश करतात तशी ओढत, सपाट करा. मग एसीटोनने ओलसर फडकं एकदाच झटकन फिरवा, चमक येते. दुसऱ्यांदा फिरवलं तर ओघळ येतात.

लांबी कापताना ग्रिपच्या टोपीची जाडी सुमारे ३ मिमी धरा: ३७ इंच हवा असेल तर शाफ्ट ३ मिमी आखूड. स्टीलला कटऑफ व्हील किंवा हॅकसॉ, कड फाइलने मोडून. ग्रॅफाइटला पाइप कटर कधीच नाही, तो चिरडतो. टेप गुंडाळून बारीक दातांच्या पात्याने कापा.

ग्रिपच्या आत आकडा असतो, ५८ किंवा ६०. शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यास ०.५८० की ०.६०० इंच यावरून तो निवडायचा. टेप लावून टोकाशी आत दुमडा. ग्रिपच्या टोपीतलं भोक बोटाने बंद करून आत टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर ओता आणि एका दमात सरकवा. मधे थांबलात की अडकली. रेषा सरळ करायला मिनिटभर मिळतं. रात्रभर ठेवा.

लॉफ्ट (हेडच्या तोंडाचा कल) आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) आता एकदा तपासून घ्यावेत, विशेषतः लांबी बदलली असेल तर. अर्धा इंच लांब क्लब खेळताना जास्त उभा पडतो. मऊ फोर्ज्ड हेड वाकवून घेता येतं, कास्ट (ओतीव) स्टेनलेसला फार जोर करू नये.

खेळायला काढण्याआधी होझेल, फेरूल आणि शाफ्ट यांवरून एक बारीक पेन्सिलची रेघ ओढा. पहिली दोन-तीन सत्रं जाळीत, पुढे कोणी उभं नसताना मारा. रेघ तुटलेली दिसली तर हेड फिरतंय. क्लब लगेच बाजूला काढा. रेघ सरळ आहे पण फेरूल आणि होझेलमध्ये कागदभर फट पडली आहे, तर नुसतं फेरूल वर सरकलंय. ते कोमट करून खाली ढकलून त्यात इपॉक्सीचा थेंब सोडला की झालं. फट नाही, रेघ सरळ, तरी फटक्यासरशी टिकटिक येते, तर टिप वजन सैल राहिलं आहे. ते हेड पुन्हा सोडवावंच लागेल.